हातोडा उजव्या हातात, मार डाव्या हाताला. आपल्या जखमांचं चित्र काढणाऱ्या सोइचिरो होंडांची गोष्ट

भिंतीत खिळा ठोकायला गेलं की हातोडा खिळ्यावर कमी आणि अंगठ्यावर जास्त बसतो, हा अनुभव घरोघरी सारखाच. स्क्रू ड्रायव्हर सटकतो आणि तळव्यात घुसतो. खोक्याची पट्टी कापताना कटर पट्टी सोडून बोटावरून जातो. पक्कड हातातून निसटते आणि कातडीचा चिमटा काढते.

यात एक गंमत आहे. तुम्ही उजव्या हाताने काम करत असाल, तर लागतं बहुतेक वेळा डाव्या हाताला. कारण हत्यार चालवतो उजवा हात आणि खिळा, लाकूड, लोखंड धरून ठेवतो डावा. चूक एकाची, मार दुसऱ्याला.

हीच गोष्ट एका माणसाने आयुष्यभर अनुभवली, लक्षात ठेवली आणि म्हातारपणी त्याचं चित्र काढलं. डाव्या हाताचं साधं रेखाचित्र. त्यावर कुठे काय लागलं होतं याच्या खुणा. कुठे हातोड्याने नख ठेचलं, कुठे पात्याने बोटाचं टोक उडवलं, कुठे टोकदार हत्यार आरपार गेलं. हे चित्र त्याने स्वतःच्या पुस्तकात छापलं. पुस्तक आलं 1982 साली आणि त्याच्या जपानी नावाचा अर्थ होतो, माझे हात बोलतात.

तो माणूस म्हणजे सोइचिरो होंडा. तुमच्या आमच्या पार्किंगमध्ये ज्याचं नाव उभं असतं तो.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या कंपनीच्या मालकाला हाताच्या जखमा मोजायची काय गरज होती? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

लोहाराचं पोर

सोइचिरोचा जन्म 17 नोव्हेंबर 1906 चा. गाव कोम्यो, जपानच्या शिझुओका प्रांतातलं. आज हा भाग हमामात्सु शहरात येतो. वडील गिहेई लोहार होते. आई मिका विणकाम करायची. घर म्हणजेच कारखाना. भाता, ऐरण, हातोडे, तापलेलं लोखंड हे सगळं पोराच्या हाताशी. खेळणी वेगळी आणायची गरजच नव्हती.

पुढे गावागावांत सायकली दिसायला लागल्या तसं गिहेईंनी सायकल दुरुस्तीही सुरू केली. मोडक्या सायकली आणायच्या, नीट करायच्या आणि विकायच्या. पोरगं बापाच्या मागे लुडबुड करत हे सगळं शिकत होतं.

शाळेत मात्र त्याचं मन लागायचं नाही. हाताने करायचं काही असेल तर पठ्ठ्या पुढे, लिहायचं वाचायचं आलं की मागे. यातूनच एक भारी किस्सा घडला.

शाळेतून प्रगतिपुस्तक घरी यायचं आणि त्यावर पालकांचा शिक्का मारून परत न्यावं लागायचं. जपानमध्ये सहीऐवजी नावाचा शिक्का चालतो. आता असले गुण बापाला दाखवायचे कसे? सोइचिरोने सायकलच्या पेडलचं रबर घेतलं आणि बापाच्या नावाचा शिक्का घरीच कोरला. तो खपला. मग मित्रांनीही मागणी केली, यानेही उदार मनाने सगळ्यांना शिक्के कोरून दिले.

आणि इथेच गडबड झाली. होंडा हे नाव जपानी लिपीत उभं लिहिलं की डावीकडून आणि उजवीकडून सारखंच दिसतं. त्यामुळे शिक्का कोरताना अक्षरं उलटी कोरावी लागतात हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. मित्रांची नावं तशी नव्हती. त्यांचे शिक्के उलटे उमटले आणि सगळे पकडले गेले.

शिक्षा झाली ती झाली, पण एक धडा पक्का झाला. आपल्यापुरतं काम झालं म्हणजे ते बरोबर झालं असं नसतं.

तेलाचा वास

तो लहान असतानाच गावात पहिल्यांदा मोटार आली. पोरं गाडीमागे धावली, हाही धावला. गाडी थांबली तिथे जमिनीवर तेल सांडलं होतं. बाकीची पोरं गाडी बघत होती. याने तेलात हात घातला, हाताला चोळलं आणि वास घेत बसला. हा वास पुढे त्याच्या हातावरून कधी गेलाच नाही.

1917 साली आर्ट स्मिथ नावाचा अमेरिकन वैमानिक हमामात्सुमध्ये विमानाच्या कसरती दाखवायला आला. सोइचिरो तेव्हा दहा वर्षांचा. त्याने घरातून थोडे पैसे उचलले, बापाची सायकल काढली आणि साधारण 20 किलोमीटर दामटत गेला. सायकल मोठ्या माणसाची, पाय पुरत नव्हते, म्हणून नळीखालून पाय घालून चालवत गेला. तिथे पोचल्यावर कळलं की तिकिटाला पैसे कमी पडतायत. मग काय, झाडावर चढला आणि तिथून विमान बघितलं.

उमेदवारीची सुरुवात पोर सांभाळण्यापासून

शाळा संपली. सायकलींच्या एका मासिकात त्याला टोकियोतल्या आर्ट शोकाई नावाच्या मोटार गॅरेजची जाहिरात दिसली. त्याने पत्र पाठवलं, तिकडून होकार आला. 1922 साली पंधरा वर्षांचा सोइचिरो टोकियोत उमेदवारीला लागला.

पण गॅरेजमध्ये पाना हातात यायच्या ऐवजी पाठीवर मालकाचं पोर आलं. सुरुवातीचे कित्येक महिने झाडलोट करायची आणि बाळ सांभाळायचं, एवढंच काम. एकदा तर तो पळून जायच्या बेतात होता. पण घरी काय तोंड दाखवणार, म्हणून थांबला. शेवटी एका गर्दीच्या दिवशी मालक युझो साकाकिबारा यांनी त्याला गाडीखाली मदतीला बोलावलं आणि पोरगं एकदाचं कामाला लागलं.

1 सप्टेंबर 1923 ला टोकियो आणि आसपासचा भाग मोठ्या भूकंपाने हादरला. आगी लागल्या, गॅरेजही वाचलं नाही. बरेच कामगार आपापल्या गावी निघून गेले. जे थोडे राहिले त्यात सोइचिरो होता. जळालेल्या गाड्या पुन्हा चालत्या करायचं काम सुरू झालं. त्या काळी गाड्यांच्या चाकांना लाकडी आरे असायचे, ते आगीत पहिले जायचे. लाकडाऐवजी धातूचे आरे का नकोत, हा विचार त्याच्या डोक्यात इथूनच पक्का झाला. पुढे त्याने त्याचं पेटंटही घेतलं.

मालकांना शर्यतींचा नाद होता. त्यांनी विमानाचं जुनं इंजिन बसवून एक शर्यतीची गाडी तयार केली. 1924 च्या शर्यतीत ती गाडी पहिली आली. चालवत होते मालकांचे भाऊ आणि शेजारी मेकॅनिक म्हणून बसला होता अठरा वर्षांचा सोइचिरो.

1928 साली मालकांनी त्याला हमामात्सुमध्ये आर्ट शोकाईची शाखा काढून दिली. वय वर्षं 21.

डावा हात मार का खातो?

हातावरच्या बऱ्याचशा खुणा अशाच कामांतल्या. दिवसभर हातोडा, छिन्नी, कानस, लेथ. तेव्हा ना सुरक्षेचे नियम, ना कुणी काही सांगणारं.

इथे जरा थांबून बघू, नेमकं होतं काय.

हातोडा मारताना आपण जोर उजव्या हातात आणतो, पण नेम लागतो तो डाव्या हाताने धरलेल्या जागेवर. नजर थोडी हलली, खिळा थोडा कलला, की हातोडा घसरतो आणि शेजारी असतो तो अंगठा. बोटाच्या टोकाला मज्जातंतू दाटीवाटीने असतात, म्हणून जखम छोटी असली तरी डोळ्यांपुढे तारे चमकतात. नखाखाली रक्त साकळतं. त्याला बाहेर पडायला जागा नसते, म्हणून रात्रभर ठणका लागतो. नख गेलंच तर पुरतं यायला साधारण सहा महिने लागतात, कारण हाताचं नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं.

पात्याचंही तसंच. धार बोथट असेल तर आपण जास्त जोर लावतो आणि जास्त जोर लावला की हत्यार सटकतं. म्हणून अनुभवी सुतार बोथट पटाशीला जास्त घाबरतो.

यावर उपाय साधा आहे. डाव्या हाताचं काम दुसऱ्या कशाला तरी द्यायचं. वस्तू वाईसमध्ये किंवा शिकंजात आवळायची. छोटा खिळा पकडीने किंवा कपड्यांच्या चिमट्याने धरायचा. कटर आपल्या अंगापासून लांब चालवायचा आणि दुसरा हात पात्याच्या वाटेत ठेवायचा नाही. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ड्रिल किंवा लेथसारखं फिरणारं यंत्र चालवताना सैल हातमोजे घालायचे नसतात. मोजा अडकला तर तो हातालाही आत ओढतो.

होंडांना हे सगळं पुस्तकातून कळलं नाही, डाव्या हाताने सांगितलं. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की उजवा हात काम करतो म्हणून कौतुक त्याचं होतं, पण तो मोकळेपणाने काम करू शकतो ते डावा हात धरून ठेवतो म्हणून. डाव्या हाताने नुसतं धरलं आणि मार खाल्ला.

हे वाक्य कंपनी चालवणाऱ्या माणसाचं आहे हे ध्यानात ठेवा. पुढे ते कामाला येणार आहे.

जेव्हा मार भावाला बसला

हमामात्सुमध्ये होंडांचा धंदा चांगला चालला. हाताखाली माणसं वाढली. पण स्वभाव तापट. काम बिघडलं की ते कामगारांवर ओरडायचे, प्रसंगी हातही उगारायचे. हाताशी असेल ते हत्यार भिरकावायचे. याचं समर्थन करण्यासारखं काही नाही. पण गोष्ट सांगताना हे झाकूनही चालणार नाही.

शर्यतीचा नाद सुटलेला नव्हता. 7 जून 1936 ला टोकियोजवळ तामागावा इथल्या नव्या ट्रॅकवर शर्यत होती. होंडा स्वतः बनवलेली गाडी घेऊन उतरले. शेजारी मेकॅनिक म्हणून धाकटा भाऊ बेंजिरो. गाडी भन्नाट वेगात असताना दुसरी एक गाडी मध्ये आली आणि टक्कर झाली. दोघेही बाहेर फेकले गेले. होंडा जखमी झाले, पण जास्त गंभीर दुखापत बेंजिरोला झाली. त्याच्या पाठीचा कणा मोडला.

घरातल्या हातोड्याची चूक आपल्याच अंगठ्यावर येते. यंत्र मोठं झालं, वेग वाढला की चुकीची किंमत शेजारी बसलेला मोजतो. होंडांच्या आयुष्यात हे पहिल्यांदा इतकं उघड दिसलं ते इथे.

50 पैकी 3

दुरुस्तीत आता त्यांचं मन रमेना. स्वतः काहीतरी बनवायचं होतं. त्यांनी पिस्टन रिंग बनवायला घेतल्या. इंजिनातल्या पिस्टनभोवती बसणारं हे छोटंसं कडं. दिसायला सोपं, बनवायला महाकठीण. होंडा रात्र रात्र भट्टीपाशी बसले, पण रिंग काही जमेना.

शेवटी त्यांनी कबूल केलं की आपल्याला धातूंचं शास्त्र येत नाही. हाताने शिकलेल्या माणसासाठी हे मान्य करणं सोपं नव्हतं. तिशीतला, कामगार हाताखाली असलेला हा मालक हमामात्सुच्या तांत्रिक विद्यालयात वर्गात जाऊन बसायला लागला. हवं तेवढं ऐकायचा आणि परीक्षा द्यायचा नाही. पदवी मिळणार नाही असं सांगितल्यावर त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांना रिंग बनवायची होती, कागद नको होता.

पुढे टोयोटाला तपासणीसाठी 50 रिंग दिल्या. पास झाल्या फक्त 3. पुन्हा भट्टी, पुन्हा अभ्यास. अखेर रिंग जमल्या आणि टोयोटा गिऱ्हाईक झालं.

मग युद्ध आलं. कारखान्यातले पुरुष लढाईवर गेले आणि यंत्रांवर अननुभवी मुली, बायका आल्या. होंडांनी यंत्रं शक्य तितकी आपोआप चालतील अशी बदलली. विमानाचे लाकडी पंखे तेव्हा हाताने कोरले जायचे आणि एकेका पंख्याला कित्येक दिवस लागायचे. त्यासाठी त्यांनी स्वयंचलित यंत्र बनवलं आणि ते काम मिनिटांवर आणलं. हे सगळं युद्धाच्या कामी येत होतं, हेही तितकंच खरं.

युद्धात बॉम्ब पडले. जानेवारी 1945 मध्ये त्या भागात भूकंप झाला आणि उरलंसुरलं कोसळलं. होंडांनी कंपनी टोयोटाला विकली आणि साधारण वर्षभर काहीही केलं नाही. मित्र जमवायचे, साके प्यायची, गप्पा मारायच्या.

बायकोची सायकल आणि गरम पाण्याचं भांडं

1946 साली हमामात्सुमध्ये एका छोट्या शेडमध्ये त्यांनी पुन्हा पाटी लावली. देशात पेट्रोल नाही, बस नाही, रेल्वेत पाय ठेवायला जागा नाही. लोकांची सगळी भिस्त सायकलीवर. होंडांची पत्नी साची यांनाही सामान आणायला लांबवर सायकल मारावी लागायची.

अशात एका ओळखीच्या घरी होंडांना लष्कराच्या वायरलेस संचाला वीज देणारं छोटं इंजिन दिसलं. डोक्यात चक्र सुरू झालं. ते इंजिन त्यांनी सायकलला जोडलं. इंधनाची टाकी मिळेना, म्हणून थंडीत अंथरूण गरम ठेवायला वापरतात ते गरम पाण्याचं भांडं बसवलं. चालवून बघायला कोण? साची. गर्दीच्या रस्त्यावर त्या ही फटफटी चालवत गेल्या आणि परत आल्यावर सांगितलं की इंधनाचा ओशटपणा कपड्यांवर उडतोय. होंडांनी त्यात सुधारणा केली.

लष्कराची अशी साधारण 500 इंजिनं मिळाली, ती हातोहात संपली. मग स्वतःचं इंजिन बनवणं भागच होतं. 24 सप्टेंबर 1948 ला होंडा मोटर कंपनी उभी राहिली आणि 1949 मध्ये ड्रीम ही पहिली खरी मोटारसायकल आली.

आणि मग डावा हात सापडला

1949 मध्येच ताकेओ फुजिसावा कंपनीत आले. हिशेब, विक्री, बँका, माणसं हे सगळं त्यांनी अंगावर घेतलं. होंडांनी कंपनीचा शिक्काच त्यांच्या हाती दिला आणि स्वतः वर्कशॉपमध्ये शिरले. रबरी शिक्का कोरून सुरुवात केलेल्या माणसाने आपला खरा शिक्का दुसऱ्याच्या हाती देऊन टाकला!

जगाला दिसले होंडा. गाडी बनवणारे, शर्यत जिंकणारे, पांढऱ्या कामाच्या कपड्यांत वावरणारे. धरून ठेवलं फुजिसावांनी. कर्ज थकलं, माल पडून राहिला, बँका मागे लागल्या, तेव्हा मार खाल्ला तो याच माणसाने.

1958 साली या जोडीने सुपर कब ही गाडी आणली. तिच्यामागचा विचार ऐकण्यासारखा आहे. जपानमध्ये शेवयांचा सोबा नावाचा पदार्थ घरपोच द्यायला पोरं सायकलवरून जायची. एका हातात खांद्यावर थाळ्यांची चळत, दुसऱ्या हातात हँडल. या पोराला एका हाताने चालवता येईल अशी गाडी हवी होती. म्हणून होंडांनी क्लचची दांडीच काढून टाकली. गिअर पायाने, क्लच आपोआप. डावा हात मोकळा.

आयुष्यभर ज्या हाताने मार खाल्ला, त्या हाताची सुटका करणारी गाडी जगात सगळ्यात जास्त खपली. 2017 पर्यंत सुपर कब मालिकेच्या 10 कोटी गाड्या तयार झाल्या होत्या.

जिंकण्याची सवय आणि एक मृत्यू

1959 मध्ये होंडाच्या मोटारसायकली ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या शर्यतीत उतरल्या आणि 1961 मध्ये जिंकल्या. 1964 मध्ये कंपनी फॉर्म्युला वनमध्ये गेली, 1965 मध्ये मेक्सिकोत पहिली शर्यत जिंकली. होंडांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य झालं.

याच काळात एक हट्ट वाढत गेला. इंजिन पाण्याने थंड करायची गरज नाही, हवेने भागतं, असं त्यांचं ठाम मत होतं. शेवटी पाणीही हवेनेच थंड होतं, मग मध्ये पाणी कशाला?

1968 साली हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची शर्यतीची नवी गाडी तयार झाली. संघाचा चालक जॉन सर्टीज याने ती चालवून पाहिली आणि ही गाडी सुरक्षित नाही म्हणून नकार दिला. तरी ती फ्रान्समधल्या शर्यतीत उतरवली गेली. चालवायला बसला फ्रेंच चालक जो श्लेसर. 7 जुलै 1968 ला तिसऱ्याच फेरीत गाडी घसरली, उलटली आणि पेटली. श्लेसर जागीच गेला. त्या हंगामानंतर होंडाने फॉर्म्युला वन सोडलं.

अपघाताचं खापर एकट्या हट्टावर फोडता येणार नाही. रस्ता ओला होता, त्या काळच्या गाड्याही जीवघेण्याच होत्या. पण गाडी तयार नाही असं सांगणारा माणूस होता आणि त्याचं ऐकलं गेलं नाही, एवढं नक्की.

हट्ट त्यानंतरही सुटला नाही. 1969 मध्ये आलेली मोटारही हवेने थंड होणाऱ्याच इंजिनाची होती. तरुण इंजिनिअर वैतागले. अमेरिकेत धुराचे कडक नियम येत होते आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनात तापमान काबूत ठेवणं अवघड होतं. पण मालकाला सांगणार कोण?

शेवटी इंजिनिअर फुजिसावांकडे गेले. फुजिसावांनी होंडांना एकच विचारलं, तुम्हाला कंपनीचं अध्यक्ष राहायचंय की इंजिनिअर? होंडा थोडा वेळ गप्प राहिले आणि अध्यक्ष राहायचं आहे म्हणाले. मग पाण्याच्या इंजिनावर काम करू द्याल ना, या प्रश्नाला त्यांनी होकार दिला.

वर्कशॉपमधल्या पोराची चूक त्याच्या बोटावर लगेच दिसते. रक्त येतं, कळतं. मालकाच्या चुकीत मालकाला रक्त येत नाही. म्हणून ती उशिरा कळते, आणि कळण्यासाठी कुणीतरी तोंडावर सांगणारं लागतं. होंडांकडे तो माणूस होता आणि त्यांनी त्याचं ऐकलं.

पाण्याने थंड होणाऱ्या त्या इंजिनातूनच पुढे कमी धूर सोडणारं सीव्हीसीसी इंजिन आलं. अमेरिकेचे कडक नियम सगळ्यात आधी त्याने पूर्ण केले. होंडांना यात अमेरिकी कंपन्यांना गाठायची संधी दिसत होती. तरुण इंजिनिअर मात्र म्हणाले की आम्ही हे पुढच्या पिढीला चांगली हवा मिळावी म्हणून करतोय. आपण कंपनीच्या पलीकडे बघत नव्हतो, हे होंडांच्या लक्षात आलं. 1973 साली होंडा आणि फुजिसावा दोघे एकाच वेळी निवृत्त झाले. कंपनीची सूत्रं दोघांच्याही मुलांकडे गेली नाहीत.

तेलकट हात

निवृत्तीनंतर होंडा देशभरातल्या आपल्या कारखान्यांत, दुकानांत फिरले. उद्देश एकच, प्रत्येक कामगाराशी हात मिळवायचा आणि आभार मानायचे. एका ठिकाणी एका कामगाराने हात पुढे केला आणि तो तेलाने माखलेला बघून लगेच मागे घेतला. तो हात धुवायला निघाला तर होंडांनी त्याला थांबवलं आणि तोच तेलकट हात हातात घेतला. त्यांना तो वास नवा नव्हता.

उरलेल्या काळात ते चित्रं काढायला शिकले. 1989 मध्ये अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये मान मिळवणारे ते पहिले जपानी ठरले. 5 ऑगस्ट 1991 ला वयाच्या 84 व्या वर्षी ते गेले. मोठी अंत्ययात्रा काढली तर रस्ते तुंबतील आणि गाड्या बनवणाऱ्यानेच लोकांची अडचण करायची, हे त्यांना नको होतं. त्यामुळे कंपनीने अंत्यविधीचा थाट केला नाही, आभाराचे कार्यक्रम ठेवले.

आपल्याकडे हे नाव घरोघरी पोचलं ते 1980 च्या दशकात. पुण्याच्या कायनेटिकसोबत कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की सुरू आणि गिअर टाकायची कटकट नाही, म्हणून कित्येक मराठी बायकांची ती पहिली गाडी ठरली. सायकली बनवणाऱ्या हिरोसोबत हिरो होंडा आली. पुढे तर ॲक्टिव्हा आली. आजही यातलं काही चालवताना डावा हात क्लचमधून सुटलेला असेल, तर त्या मोकळ्या हाताची गोष्ट एका लोहाराच्या घरात सुरू झाली होती.

जाता जाता, तुमच्या डाव्या हातासाठी

होंडांच्या जखमांचं कौतुक वाचून कुणी तशाच मिळवायला जाऊ नका. ते वाचले यात नशिबाचाही भाग होता.

घरी काम करताना लागलंच तर आधी हत्यार खाली ठेवा, यंत्र असेल तर बंद करा. बोटात अंगठी असेल तर सूज यायच्या आत काढा. जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरा, सारखं उघडून बघू नका. हळद, कॉफी, टूथपेस्ट यातलं काहीही भरू नका.

दहा मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, बोट वाकत नसेल, टोकाला बधिरपणा असेल, हाड मोडल्याची शंका असेल किंवा काही आत अडकलं असेल, तर सरळ डॉक्टर गाठा. आत रुतलेली वस्तू स्वतः उपसू नका. मधुमेह असेल तर छोट्या जखमेचीही वाट बघू नका.

धनुर्वाताबद्दल एक गैरसमज आहे. तो गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू माती, धूळ, शेणात असतात आणि खोल, अरुंद जखमेत त्यांचं फावतं. जखम खोल किंवा घाण असेल आणि शेवटच्या इंजेक्शनला पाच वर्षं उलटली असतील, तर डॉक्टरांना नक्की विचारा. स्वच्छ, छोट्या जखमेसाठी हा काळ दहा वर्षांचा धरतात. इंजेक्शन कधी घेतलं होतं हे आठवतच नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि तुमच्या घरात, ऑफिसात कुणीतरी डाव्या हातासारखं असेल. गाजावाजा न करता धरून ठेवणारं, दुसऱ्याच्या चुकीचा मार खाणारं. होंडांनी आपल्या डाव्या हाताचं चित्र काढून ठेवलं. तुम्ही निदान त्या माणसाला आज एक फोन करा.